एस्प्रेसो एकाच बाजूने पिचकारी मारतोय, पावडर बास्केटमध्ये सारखी कशी पसरवायची? (घरचं छोटं मशीन)

जुळे_सोलापूर:
नमस्कार मंडळी. दिवाळीत घरी एस्प्रेसो मशीन घेतलं, छोटंच आहे, ५१ मिमीचं पोर्टाफिल्टर (पावडरच्या जाळीदार वाटीचं, म्हणजे बास्केटचं, हँडल), आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर वेगळा घेतला. सुरुवातीला मशीनसोबत आलेलं डबल वॉल, म्हणजे दुहेरी तळाचं बास्केट वापरत होतो, तेव्हा फेस भरपूर यायचा पण चवीला काही दम नव्हता, म्हणून सिंगल वॉल बास्केट आणि खालून उघडं असलेलं पोर्टाफिल्टर मागवलं आणि तिथून सगळंच बिघडलं. १५ ग्रॅम पावडर टाकतो, २५ ते ३० सेकंदात ३० ग्रॅम कॉफी यायला पाहिजे असं सगळीकडे वाचलंय, माझ्याकडे येतीय १३ सेकंदात. खालून बघितलं तर आधी कडेला दोन थेंब, मग मागच्या डाव्या बाजूने बारीक पिचकारी, सगळा ओटा पुसत बसायचं. चव आंबट पण आणि कडू पण, दोन्ही एकाच घोटात. दळण बारीक केलं, १३ चे १६ झाले, दुसऱ्या दिवशी तीच सेटिंग, तेवढंच वजन आणि ९ सेकंद!! टॅम्पर (पावडर दाबायचा ठोकळा) दोनदोनदा दाबून बघितलं, तेच. बिया चिकमगळूरच्या, मीडियम डार्क, भाजून १२ दिवस झालेत. पाव किलो अशीच गेली हो, जीव तुटतो ओतून देताना. काय चुकतंय कुणी सांगाल का?

होटगीरोड:
दाब कमी पडतोय. बाथरूममधल्या वजनकाट्यावर पोर्टाफिल्टर ठेवून सराव करा, काटा १५ किलो दाखवेपर्यंत दाबायचं. मी तसंच शिकलो.

जुळे_सोलापूर:
काट्यावर केलंय भाऊ. १५ काय, २० पर्यंत दाबलं. ९ सेकंद आले ते २० किलोवालेच.

काळी_कॉफी:
दाब सोडा थोडा वेळ बाजूला, तो तुमचा प्रॉब्लेमच नाही. मी सहा वर्षं घरी एस्प्रेसो करतोय आणि पहिलं पूर्ण वर्ष याच गैरसमजात घालवलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिशोब करून बघा. ५१ मिमी व्यासाच्या पकचं, म्हणजे दाबून बसलेल्या पावडरीच्या वडीचं क्षेत्रफळ साधारण २०.४ चौरस सेंटिमीटर. मशीन पाणी ९ बारच्या दाबाने सोडतं, ९ बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर नऊ किलोपेक्षा थोडा जास्त भार. गुणाकार केला की सगळ्या पकवर १८७ किलोच्या आसपास येतो. म्हणजे तुम्ही हाताने १५ किलोने दाबा नाहीतर २० ने, त्यानंतर पाणी १८७ किलोने दाबणारच आहे. टॅम्प कशासाठी, तर पावडर एकसंध आणि वरून सपाट व्हावी यासाठी. एका मर्यादेनंतर ती अजून दबतच नाही.

आता पाण्याला पकमध्ये जिथं कमी अडथळा तिथूनच ते पळणार. पावडरमध्ये एक जागा थोडी विरळ राहिली की तिथून पाणी जास्त जातं, जास्त गेलं की तिथले बारीक कण वाहून जातात, जागा अजून मोकळी होते, मग अजून पाणी. दोन सेकंदात नळी तयार. यालाच चॅनेलिंग म्हणतात. त्या नळीच्या भोवतीच्या पावडरीतून अर्क नको तितका उतरतो, तो कडू होतो, आणि बाकीच्या पकमधून नीट पाणीच गेलेलं नसतं, तो भाग आंबट. तुम्हाला एकाच घोटात दोन्ही लागतंय ते यामुळेच. आंबटपणा दळण जाड असल्यानेही येतो आणि कडूपणा दळण बारीक असल्यानेही येतो, पण दोन्ही एकदम आले की समजायचं पावडर सारखी बसलेली नाही.

डबल वॉलमध्ये हे का दिसलं नाही, तर तिथं शेवटी एकच बारीक भोक असतं, प्रेशर त्या भोकाने तयार होतं, पावडरने नाही. फेसही त्या भोकाचाच. सिंगल वॉल घेतलं ते चांगलं केलंत, फक्त आता अडवायचं सगळं काम पावडरवर आलंय.

होटगीरोड:
मग कॅफेत इतक्या वर्षांपासून ३० पाउंड ३० पाउंड का शिकवतात? १५ किलो म्हणजे जवळपास तेच होतं.

काळी_कॉफी:
रोज सारखंच दाबायची सवय लागावी म्हणून. त्यात चूक काही नाही, सवय चांगलीच. पण आत पावडर एकीकडे उंच आणि एकीकडे खोल असेल तर रोज सारखं दाबून रोज सारखाच बिघडलेला पक मिळणार. आणि घरच्या ग्राइंडरमधून पावडर गुठळ्या होऊन पडते, ती गोष्ट मोठ्या मशीनवर शिकवणारे फारशी सांगत नाहीत.

उजनीकाठ:
मी कॉफीतला जाणकार नाही, घरी ऊस आणि डाळिंब. पोरगा पुण्याहून कॉफीचं सामान घेऊन आलाय म्हणून हे वाचत होतो. पण तुमचं वर्णन रात्री दारं धरलेला कुठलाबी माणूस लगेच ओळखेल. वाफा सपाट नसला, कुठं ढेकूळ राहिलं, कुठं उंदराचं बीळ असलं की पाणी सरळ तिकडं पळतं. एक कोपरा डबडबतो आणि दुसरीकडं माती कोरडी. मग मोटर कितीबी वेळ चालवा, कोरडा कोपरा भिजायच्या आधी ओल्या कोपऱ्यातला वरंबा फुटतो. आम्ही आधी कुळव मारून ढेकळं फोडतो आणि मग फळी फिरवतो. फळी आधी फिरवली तर रान वरून गुळगुळीत दिसतं पण आत ढेकळं तशीच आणि मधे पोकळ. तुम्ही फळी दोनदोनदा मारायलाय, कुळव एकदाबी नाही.

काळी_कॉफी:
उजनीकाठ, याच्यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. अगदी हेच. गुठळी म्हणजे ढेकूळ. टॅम्प केल्यावर गुठळी फुटत नाही, आतल्या आत दबून घट्ट होते आणि तिच्या शेजारी पोकळी राहते, आणि वरून बघाल तर आरशासारखं सपाट.

कुळव म्हणजे इथं बारीक सुया. २००५ मध्ये जॉन वाइस नावाच्या घरी कॉफी करणाऱ्या एका माणसाने ही पद्धत सांगितली, म्हणून वाइस डिस्ट्रिब्युशन टेक्निक, सगळे डब्ल्यूडीटीच म्हणतात. त्यालाही ग्राइंडरच्या गुठळ्यांचाच त्रास होता. दह्याच्या छोट्या कपाचा तळ कापून त्याने बास्केटवर फनेल बसवलं आणि आतली पावडर सुईने ढवळली. बास्. आज लोक यासाठी महागडी हत्यारं विकत घेतात पण मूळ सामान हे एवढंच.

सुई जाड नको. टूथपिक, काट्याचा चमचा, स्वेटरची सुई यातलं काही वापरू नका, ते पावडर ढकलतं आणि मागे चर ठेवतं. ०.३ ते ०.४ मिमीची पाहिजे, म्हणजे ती पावडरीतून जाताना गुठळी फुटते पण चर पडत नाही. बाटलीच्या बुचात अशा सात-आठ सुया, एकमेकींपासून जरा अंतर ठेवून आणि टोकं थोडी बाहेर फाकवून.

हात कसा फिरवायचा ते जास्त महत्त्वाचं. आधी सुया थेट तळाला टेकवा. तिथं छोटे छोटे गोल, कडेपासून मधे, मधून कडेला, घाई नाही. तळ झाला की सुया हळूहळू वर घेत तेच. शेवटी फक्त वरचे दोन-तीन मिमी अगदी हलक्या हाताने सारखे करायचे. सगळं मिळून १५-२० सेकंद. बरेच लोक नुसतं वरचं ढवळतात आणि म्हणतात काही फरक पडत नाही, कसा पडणार, ढेकळं खाली आहेत. ढवळून झालं की पोर्टाफिल्टर ओट्यावर सरळ एकदाच हलकं टेकवायचं, पावडर बसते. मग टॅम्प.

फिल्टरवाली:
मी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू, कॉफी म्हणजे स्टीलच्या फिल्टरचं डिकॉक्शन. एस्प्रेसो माझ्या भावाकडे बघितला तेवढाच. पण हे वाचून अम्मम्मा आठवली. ती फिल्टरच्या वरच्या भांड्यात पावडर घातली की बाजूला बोटाने टिचक्या मारून सपाट करायची, दांडीची चकती हलकेच ठेवायची आणि गरम पाणी त्या चकतीवरच ओतायची. मी एकदा चकती न ठेवता ओतलं तर पाण्याने मधोमध खड्डा केला आणि डिकॉक्शन पाच मिनिटांत खाली, अगदी पांचट. ती म्हणाली होती की पावडरला पाण्याचा मार लागू द्यायचा नाही. तुमच्या मशीनमध्ये त्या चकतीसारखं काही असतं का? आणि आमची घरची पावडर, ७०-३० चिकोरीवाली, त्यात चालेल का?

काळी_कॉफी:
ताई, मशीनमध्ये वर जाळी असते, शॉवर स्क्रीन, पाणी तिच्यातून तुषारासारखं पडतं. शिवाय पकवर ठेवायची पातळ धातूची जाळी वेगळी मिळते, पक स्क्रीन, ती म्हणजे थेट तुमच्या अम्मम्माची चकती. मी वापरतो. पण खालची पावडर बिघडलेली असेल तर ती जाळी वाचवत नाही.

चिकोरीवाली पावडर मशीनमध्ये नका घालू. चिकोरी पाण्यात भराभर विरघळते, भिजून मऊ होते, आणि ते दळणही फिल्टरसाठी असतं, एस्प्रेसोला जाड. तुमच्या फिल्टरमध्येच ती उत्तम लागते.

जुळे_सोलापूर:
सगळ्यांचे खूप आभार. फळी आणि कुळव डोक्यात पक्कं बसलं. आता सुया. सोलापुरात ०.३ मिमीच्या सुया कुठं मिळतील? शिवणकामाची सगळ्यात बारीक सुई मोजली, ती पण जाड निघाली.

तिसरी_पाळी:
अॅक्युपंक्चरच्या सुया घ्या, ०.३० बाय ४० अशा मापात येतात, स्टीलच्या असतात, ऑनलाइन १०० चं पाकीट येतं. गिटारची पातळ तार पण चालते, फक्त स्टेनलेस बघून घ्या नाहीतर गंजते. एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो, आपल्याकडे घरोघरी माग आहेत त्यामुळे कुणाच्या तरी डोक्यात येणारच, कारखान्यातली जुनी तार वापरू नका. तिला वर्षानुवर्षांचं तेल, खळ, सुताची धूळ लागलेली असते, धुऊन जात नाही. माझं लहानपण यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलंय, ते तेल हातावरून दोन दिवस निघत नाही. खायच्या वस्तूत नको.

आणि घरात लहान मुलं असतील तर सुयांचं बूच डब्यात झाकूनच ठेवा. टोकं पकडीने वळवून बारीक आकडा केला तर हाताला टोचत नाही आणि बास्केटच्या तळाला ओरखडेपण येत नाहीत.

जुळे_सोलापूर:
आठवड्याने परत लिहितोय. सुया आल्या, बुचात आठ लावल्या. श्रीखंडाच्या छोट्या डब्याचा तळ कापून कडं केलं, बास्केटवर बरोबर बसलं, पावडर सांडणं बंद. दळण तेच, १५ ग्रॅम तेच, आणि पहिलाच शॉट २१ सेकंद! मी दळणाला हातही लावला नव्हता, फक्त ढवळलं. पिचकारी गेली. चव एकदम मोकळी, आंबट-कडूचा गोंधळ कमी, घरी आई म्हणाली आज जळका वास नाही.

पण अजून तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे पावडर उडते, ग्राइंडरच्या भांड्याला चिकटते, कड्याला चिकटते, १५ ग्रॅम बिया टाकल्या तर १४.४ बाहेर येते. दुसरं, पकच्या कडेने अजूनही लवकर थेंब सुरू होतात. तिसरं म्हणजे मागची डावी बाजू, पिचकारी नाही पण तिथून धार जरा लवकर आणि फिकट येते, रोज तिथूनच.

काळी_कॉफी:
छान! आता एकेक घेऊ.

पावडर उडते ती स्थिर विजेमुळे. दळताना बिया एकमेकींवर आणि पात्यांवर घासतात, फुटतात, कणांवर विद्युतभार येतो. सोलापूरची हवा कोरडी, पावसाळा सोडला तर हा त्रास आपल्याला जास्तच. उपाय एका थेंबाचा आहे. चमचा पाण्यात बुडवायचा, झटकायचा, आणि त्याच्या ओल्या दांड्याने बिया दळायच्या आधी ढवळायच्या. डेव्हिड रॉस नावाच्या माणसावरून याला रॉस ड्रॉपलेट टेक्निक म्हणतात.

आधी मला वाटायचं यात फक्त स्वच्छतेचा फायदा आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्राचे क्रिस्टोफर हेंडन आणि ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारे संशोधक यांनी मिळून मॅटर नावाच्या जर्नलमध्ये पेपर छापला. ज्वालामुखीच्या राखेतले कण घासून जी वीज तयार होते तोच प्रकार ग्राइंडरमध्ये होतो, आणि बियांना किंचित पाणी लावलं की तो भार कमी होतो, गुठळ्या कमी होतात, त्यामुळे तेवढंच दळण ठेवूनही पाणी जास्त वेळ घेतं आणि कॉफी जास्त दाट उतरते. डार्क रोस्टमध्ये आतला ओलावा कमी असतो आणि दळण बारीक असलं की भार जास्त, तुमच्याकडे दोन्ही आहे. म्हणजे गुठळी झाल्यावर सुईने फोडायची, आणि थेंबाने ती मुळात कमी होऊ द्यायची. दोन्ही करा. फक्त थेंब म्हणजे थेंबच, बिया ओल्या दिसल्या नाही पाहिजेत, ग्राइंडरच्या स्टीलला ते चांगलं नाही.

कडेच्या थेंबांसाठी एक प्रश्न. टॅम्पर कुठला वापरताय?

जुळे_सोलापूर:
मशीनसोबत आलेला प्लास्टिकचा, एका टोकाला चमचा असलेला.

तिसरी_पाळी:
व्हर्निअरने मोजा त्याचा व्यास.

जुळे_सोलापूर:
मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन मोजला. ४९.१ मिमी. बास्केटचा आतला व्यास ५१.२.

काळी_कॉफी:
मग झालं. चारी बाजूंनी एक एक मिमीची पट्टी दाबलीच जात नाहीये. सगळा पक घट्ट आणि कडेला भुसभुशीत कडं, पाणी तिथूनच जाणार. ५१ चा धातूचा टॅम्पर घ्या, तळ सपाट असलेला. स्प्रिंगवाला आणि वरच्या कड्यावर टेकणारा मिळाला तर अजून चांगलं, तो तिरका बसतच नाही. आणि टॅम्प केल्यावर पोर्टाफिल्टरला बाजूने ठोकू नका, काही लोक कडेची पावडर पाडायला टॅम्परच्या मुठीने ठक ठक करतात, त्याने बसलेला पक कडेपासून सुटतो. सुटी पावडर बोटाने पुसा.

बास्केट ठासून भरू नका हेही बघा. टॅम्प केलेल्या पकवर एक रुपयाचं नाणं ठेवा, पोर्टाफिल्टर मशीनला लावा, काढा. नाणं रुतलं असेल तर वर जागा नाही. भिजल्यावर पावडर फुगते, तिला जागा पाहिजे, नाहीतर वरच्या जाळीला घासून तडा जातो. नाणं रुतलं तर १५ चं १४ करा.

होटगीरोड:
ते तीन पात्यांचं फिरवायचं डिस्ट्रिब्युटर मिळतं ते घेतलं तर सुया लागणार नाहीत ना? माझ्याकडे आहे, एका फेरीत मस्त सपाट होतं.

काळी_कॉफी:
माझ्याकडेही आहे, कपाटात पडलंय. ते वरचा एक थर फिरवून सपाट करतं, तळातल्या ढेकळांपर्यंत पोचत नाही. म्हणजे परत फळीच. सुयांनंतर कुणाला वापरायचं असेल तर वापरा, पण सुयांऐवजी नाही. तुम्ही एक करून बघा, चार दिवस फक्त डिस्ट्रिब्युटर, चार दिवस फक्त सुया, बाकी काहीही बदलू नका आणि सेकंद लिहून ठेवा. माझं मत नका घेऊ, तुमचे आकडे घ्या.

उजनीकाठ:
मागच्या डाव्या बाजूचं राहिलं की. रोज एकाच जागी फुटतंय म्हणजे मला तर पावडरीपेक्षा वरून येणाऱ्या पाण्याचा संशय येतो. ठिबकची नळी क्षाराने अर्धी बंद झाली की त्या ओळीतली चार झाडं सुकतात आणि पुढच्या भोकातून कारंजं.

काळी_कॉफी:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, बरोबर पकडलंत. दोनच शक्यता, हात तिरका किंवा जाळी बुजलेली. ओळखायची युक्ती सांगतो. एकदा हँडल स्वतःकडे ठेवून टॅम्प करा, दुसऱ्यांदा हँडल समोर भिंतीकडे करून. लवकर येणारी धार हँडलच्या हिशोबाने जागा बदलत असेल तर टॅम्पर तिरका पडतोय. मशीनच्या त्याच कोपऱ्यात राहिली तर वरची जाळी. आणि पोर्टाफिल्टर न लावता नुसतं पाणी सोडून खालून बघा कसं पडतंय.

पाणी कुठलं वापरता मशीनला?

जुळे_सोलापूर:
बोअरचं हो. नळाला चार-पाच दिवसांनी येतं ते प्यायला ठेवतो, बाकी सगळं बोअर. मशीनला बोअरचंच टाकत आलो दिवाळीपासून.

फिल्टरवाली:
अगं बाई. बोअरच्या पाण्याने आमचा गीझरचा रॉड वर्षात पांढरा दगड होतो. मशीनचं काय होत असेल.

काळी_कॉफी:
लगेच थांबवा. प्यायचं उजनीचं पाणी गाळून वापरा, किंवा आरओ असेल तर आरओत थोडं नळाचं मिसळा. नुसतं आरओ एकदम हलकं असतं, त्यात कॉफीची चव पण फिकी उतरते.

जुळे_सोलापूर:
केलं. नुसतं पाणी सोडून बघितलं, मागच्या डाव्या बाजूला जोरात धार आणि उजवीकडे जाळीची अर्धी भोकं कोरडी! हँडल फिरवून टॅम्प केलं तरी धार मशीनच्या त्याच कोपऱ्यात. मशीन बंद करून, थंड होऊ देऊन, मधला स्क्रू काढून जाळी खाली घेतली, आतल्या बाजूला पांढरा थर आणि त्यात कॉफीचं तेल बसून काळं झालेलं. कोमट पाण्यात लिंबूसत्व टाकून तासभर भिजवली, जुन्या टूथब्रशने घासली, उजेडात धरून एकेक भोक बघितलं. मशीनलाही आतून लिंबूसत्वाचं पाणी फिरवलं आणि नंतर दोन टाक्या साधं पाणी.

नवीन टॅम्पर परवा येतोय, आला की लिहितो.

तिसरी_पाळी:
त्या स्क्रूच्या मागच्या रबरी रिंगकडे पण लक्ष द्या, ती कडक झाली असेल तर बदला, बाजूने गळतं.

जुळे_सोलापूर:
टॅम्पर आला. पाच दिवसांचे आकडे देतो, बिया त्याच, रोज सकाळचा पहिला शॉट, १४.५ ग्रॅम (नाणं १५ ला रुतत होतं), कपात २९ ग्रॅम. २६ सेकंद, २८, २७, २७, २५. आधी ९ आणि १६ यायचे एकाच सेटिंगवर!

खालून बघायला आता खरंच छान वाटतं, आधी सगळ्या तळावर बारीक काळे ठिपके एकदम उमटतात, मग ते एकमेकांत मिसळतात आणि मधोमध एकच धार, सुरुवातीला तपकिरी आणि हळूहळू वाघाच्या पट्ट्यांसारखी सोनेरी. आणि चवीत पहिल्यांदाच गूळ आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी कळलं, पाकिटावर तसं लिहिलं होतं पण मला वाटायचं लिहायचं म्हणून लिहितात.

दळण मी घाबरून फार बारीक केलं होतं, ते दोन खुणा जाड केलंय आता, तरी २७ सेकंद.

काळी_कॉफी:
दोन खुणा जाड करूनही २७, हेच महत्त्वाचं. २०२० मध्ये हेंडन आणि त्यांच्यासोबतच्या गणितज्ञांनी दाखवलं होतं की एका मर्यादेपलीकडे दळण बारीक केलं की उतारा, म्हणजे पावडरीतून कपात उतरणारा अर्क, वाढायच्या ऐवजी घटतो आणि प्रत्येक कप वेगळा येतो, कारण पाणी पकच्या सगळ्या भागातून जातच नाही. १३ सेकंद दिसले की आपला हात आधी ग्राइंडरच्या चकतीकडे जातो. पुढच्या वेळी आधी खालून बघा, ठिपके सगळीकडे सारखे उमटतायत का. उमटत असतील आणि तरी लवकर येत असेल तरच दळण बारीक करा.

आता उन्हाळा येतोय, बियांचा डबा ओट्यावर ठेवू नका. ४२-४३ डिग्रीत आठवड्यात वास उडतो. हवाबंद डब्यात, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, आणि एका वेळी पाव किलोच मागवा.

होटगीरोड:
चार दिवस डिस्ट्रिब्युटर, चार दिवस सुया, मी पण केलं. माझं ५८ मिमीचं आहे, १८ ग्रॅम, कपात ३६. डिस्ट्रिब्युटरने २२, २९, १९, २७. सुयांनी २८, २९, २७, २८. मी आता दोन्ही वापरतो, आधी सुया मग ते. आणि पहिल्या पोस्टमध्ये दाबा म्हणालो होतो ते मागे घेतो.

उजनीकाठ:
पोराला हा सगळा धागा वाचून दाखवला. त्याने काल केली एक, दूध न घालता दिली. मला कडू लागली पण आंबट नाही लागली, तो म्हणतो म्हणजे जमली. त्याच्याकडे सुया नाहीत, तो स्टेपलरची पिन सरळ करून वापरायलाय. चालंल का?

काळी_कॉफी:
पिन जाड पडते आणि गंजते, नका वापरू. सुयाच घ्या.

जुळे_सोलापूर:
सुयांच्या १०० च्या पाकिटातल्या माझ्याकडे ९२ उरल्यात, सीलबंद. मी रोज सात रस्त्यावरून ऑफिसला जातो, कुणाला पाहिजे असतील तर मेसेज करा, प्रत्येकी आठ देतो. उजनीकाठ, तुमच्या मुलासाठी वेगळ्या काढून ठेवल्यात, बूच पण देतो.

फिल्टरवाली:
मला पण आठ ठेवा दादा. भाऊ शनिवारी उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरूहून येतोय, बिया घेऊन. आल्यावर पहिला शॉट कसा पडला ते इथेच लिहिते.